४५ अंशांत टिकेल अशी बॅटरी द्या: खान्देशातून खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. अवजड उद्योग मंत्री, भारत सरकार
आणि विजेवर चालणाऱ्या दुचाक्या व रिक्षा बनवणाऱ्या सर्व कंपन्यांचे संचालक

विषय: खान्देशातील उन्हाळा आणि विद्युत वाहनांच्या लिथियम-आयन बॅटऱ्या

महोदय,

मी भुसावळला गाड्यांच्या वायरिंगचे दुकान चालवतो. डायनॅमो, सेल्फ, अल्टरनेटर आणि शिशाच्या बॅटऱ्या दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षे गेली. आता दुकानासमोर विजेच्या रिक्षा आणि स्कूटरच जास्त उभ्या असतात. लिथियमचा पॅक उघडणे, एकेका सेलचे व्होल्टेज मोजणे, बीएमएसमधल्या, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटमधल्या, नोंदी वाचणे हे सगळे मी या वयात शिकून घेतले, कारण ही गाडी चांगली आहे असे मला मनापासून वाटते. पेट्रोल सोडा, हिशेब जमतो, असे मी अनेकांना सांगितले आहे आणि आजही सांगतो. माझ्या घरातली गाडीही विजेचीच आहे. पत्नी तिच्यावरून अंगणवाडीत जाते.

हे पत्र लिहिण्याचे कारण एक कागद आहे. ओळखीचा एक रिक्षावाला कंपनीकडून आलेले पत्र घेऊन दुकानात आला. इंग्रजीत होते, वाचून सांगा म्हणाला. बॅटरी तिसऱ्या उन्हाळ्यात बसली होती, वॉरंटीचा काळ शिल्लक होता, म्हणून त्याने दावा केला होता. उत्तर एवढेच होते की, बॅटरी नेमून दिलेल्या तापमानमर्यादेबाहेर वापरली गेली, त्यामुळे वॉरंटी लागू होत नाही. माणूस मूळचा अमळनेरकडचा. ऐकून थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "भाऊ, गाडी मनी, हप्ता मना, आते ऊन बी मनंच का?" म्हणजे गाडी माझी, हप्ता माझा, आता ऊनही माझेच का?

त्याला देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नव्हते. ते आपण द्यावे.

ती रिक्षा इथल्याच शोरूममध्ये विकली गेली, इथल्याच परिवहन कार्यालयात तिची नोंद झाली, इथल्याच पतपेढीने तिला कर्ज दिले. गाडी कुठे धावणार हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होते. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, ही बातमी दरवर्षी राज्यभरच्या वर्तमानपत्रांत येते. मग ते तापमान मर्यादेबाहेर कसे ठरले?

बॅटरीत काय होते ते आधी सांगतो. हे पत्र रिक्षावाले आणि स्कूटरवालेही वाचतील, आणि त्यांना हे कोणी मराठीत सांगितलेले नाही.

लिथियम-आयन सेलमध्ये एका बाजूला ग्राफाइट असते, दुसऱ्या बाजूला धातूचे संयुग, आणि मध्ये कार्बोनेट द्रावकांत विरघळवलेला लिथियमचा क्षार. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्राफाइटमध्ये शिरतात, गाडी चालवताना परत जातात. पहिल्याच चार्जिंगला ग्राफाइटवर एक पातळ थर तयार होतो. तो लागतोच, त्याच्याशिवाय सेल चालणार नाही. पण उष्णता वाढली की हा थर जाड होत जातो, आणि जाड होताना सेलमधले लिथियम खातो. ते लिथियम पुन्हा मिळत नाही. पेट्रोलच्या गाडीत रिंग बदलता येते, इथे तसे काही करता येत नाही. ढोबळ नियम असा की, तापमान १० अंशांनी वाढले की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. सेल पूर्ण भरलेला आणि वर तापलेला असेल तर झीज सर्वांत जास्त होते.

आता कंपन्यांच्या माहितीपत्रकाकडे येऊ. सेल इतके हजार वेळा चार्ज होईल असा जो आकडा छापलेला असतो, तो सहसा २५ अंश तापमानात मोजलेला असतो. बहुतेक सेलांना चार्जिंगची मर्यादा ० ते ४५ अंश दिलेली असते. वापराची मर्यादा वर ६० पर्यंत जाते. म्हणजे चार्जिंगची वरची मर्यादा जिथे संपते, तिथे आमचा मे महिना सुरू होतो. आणि हवामान खात्याचे ४५ म्हणजे सावलीतले, हवेचे ४५. डांबरी रस्त्यावर उभ्या राहिलेल्या रिक्षाच्या सीटखालच्या पेटीत, गाडी नुकतीच चार सवाऱ्या घेऊन आलेली असताना, सेल हवेपेक्षा बरेच जास्त तापलेले असतात. दुपारी एक वाजता रिक्षावाला स्टँडवर येतो तो संध्याकाळच्या फेऱ्यांसाठी गाडी चार्ज करायला. तेव्हा दोनच गोष्टी होऊ शकतात. बीएमएस चांगली असेल तर ती चार्जिंग नाकारते आणि त्याचा धंदा बुडतो. ती स्वस्तातली असेल तर चार्जिंग होऊ देते, आणि बॅटरीचे आयुष्य जाते.

त्यात वीजदराचे धोरण नेमके उलट्या दिशेने ओढते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सार्वजनिक चार्जिंग स्थानकांना सौर तासांत, म्हणजे सकाळी ९ ते दुपारी ४, सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट दराने वीज द्यायची आहे आणि बाकीच्या वेळी १.३ पट. सौरऊर्जा वापरली जावी हा हेतू मला मान्य आहे. आमच्या धुळे जिल्ह्यातल्या साक्रीतही मोठा सौर प्रकल्प उभा आहे. पण एप्रिल-मेमध्ये खान्देशात दुपारी १२ ते ४ ही चार्जिंगसाठी वर्षातली सर्वांत वाईट वेळ असते. स्वस्त वीज माणसाला त्याच वेळी चार्जरकडे बोलावते, आणि पुढे बॅटरी बसली की त्याच तापमानाचे कारण देऊन दावा फेटाळला जातो. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत आमच्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांना पहाटेच्या तासांतही हा सवलतीचा दर मिळायला हवा.

शासनाला आमचे ऊन माहीत नाही, असे तर म्हणता येणार नाही. रावेर-यावलच्या केळीला हवामान आधारित फळपीक विमा मिळतो. त्यात जास्त तापमान हा धोका म्हणून धरलेला आहे, महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर तापमान नोंदले जाते आणि ठरलेली पातळी ओलांडली की भरपाई मिळते. भरपाईवरून वाद होतात, मोर्चे निघतात, ते सोडा. पण ऊन हा शेतकऱ्याचा दोष नाही एवढे तरी तिथे मान्य झाले आहे. त्याच मंडळात, त्याच दुपारी, त्याच उन्हात उभ्या असलेल्या रिक्षाच्या बॅटरीला हे तत्त्व का लागू नाही? नोंदी तर तयारच आहेत.

आता बॅटरीच्या रसायनाबद्दल. गाड्यांत सध्या प्रामुख्याने दोन प्रकार येतात. एक निकेल-मँगनीज-कोबाल्टचा, ज्याला बाजारात एनएमसी म्हणतात. दुसरा लोह-फॉस्फेटचा, एलएफपी. एनएमसी वजनाला हलका आणि त्याच वजनात जास्त पल्ला देणारा. एलएफपी जड, पण उष्णतेत जास्त स्थिर. तो ढासळायला लागतो ते तापमान एनएमसीपेक्षा बरेच वर आहे, आणि त्यात निकेल-कोबाल्ट लागत नाही. हे काही नवे ज्ञान नव्हे. जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या गटाने एलएफपीवरचे काम १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. त्या कामात ए. के. पाधी हे भारतीय नावही पुढे होते. गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले तेव्हा आमच्या इथल्या शाळांच्या फळ्यांवरही ती बातमी लिहिली गेली. एलएफपीही उष्णतेने झिजतो, तो अमर नाही. पण घराच्या ओसरीत, मुले झोपतात तिथे चार्जिंगला लावायची बॅटरी कोणत्या रसायनाची आहे, हे जाणून घेण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे की नाही? माझ्या दुकानात येणाऱ्या बहुतेक बिलांवर व्होल्टेज आणि अँपिअर-तास एवढेच लिहिलेले असते. विक्रेत्याला विचारले तर तो म्हणतो, लिथियम आहे, बस.

आगीचा विषय मला टाळता येत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये तामिळनाडूत वेल्लोरला रात्री चार्जिंगला लावलेल्या स्कूटरने पेट घेतला आणि बाप व लेक दगावले. एप्रिलमध्ये आपल्या नाशिकला कंटेनरमध्ये भरलेल्या २० नव्या स्कूटर जळाल्या. त्याच वर्षी वसईत घरात चार्ज होत असलेल्या बॅटरीच्या स्फोटात सात वर्षांचा मुलगा गेला. त्यानंतर केंद्राने अशा गाड्यांच्या बॅटऱ्यांच्या सुरक्षेचे एआयएस-१५६ हे मानक कडक केले आणि ते १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केले. एका सेलची आग शेजारच्या सेलांत पसरते का याची चाचणी, पॅकमध्ये जास्त तापमान-संवेदक, धोका ओळखून इशारा देणारी यंत्रणा हे सगळे त्यात आले. हे चांगले काम झाले, आणि त्यासाठी मी आभार मानतो. नव्या पॅकमध्ये फरक दिसतो, तो मी उघडून पाहिला आहे.

पण ते मानक नव्या गाडीपुरते राहते. खरा धोका बदलीच्या बॅटरीत आहे, आणि त्याकडे कोणाचे लक्ष नाही. मूळ बॅटरी बसली की रिक्षावाला कंपनीकडे चौकशी करतो. नव्या बॅटरीची किंमत ऐकतो, आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो हेही ऐकतो. बॅटरीसकट पूर्ण गाडी घेतली तर कर ५ टक्के. तीच बॅटरी तीन वर्षांनी वेगळी घेतली तर १८. म्हणजे गाडी नवी घेणाऱ्याला सवलत, आणि आहे ती चालवत राहू पाहणाऱ्या गरिबाला जादा कर. मग तो स्वस्ताचा शोध घेतो, आणि कुठूनतरी जोडलेला, नाव नसलेला, जुन्या-नव्या सेलांची मिसळ केलेला पॅक बिनबिलाचा मिळतो. अनेक जण तो जुन्याच शिशाच्या बॅटरीच्या चार्जरवर लावतात, कारण दोन्हीवर ४८ व्होल्टच लिहिलेले असते.

इथे मला आकडा मांडलाच पाहिजे. एनएमसीचे १३ सेल ओळीने जोडले की ४८ व्होल्टचा म्हणून विकला जाणारा पॅक होतो. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो, म्हणजे पॅकची मर्यादा ५४.६ व्होल्ट. शिशाच्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांचा चार्जर ५८ च्या आसपास जातो. बीएमएसने तोडले नाही तर प्रत्येक सेलवर जवळपास ४.५ व्होल्ट येतात. त्यात बाहेर ४५ अंश. असे पॅक माझ्याकडे फुगून आलेले आहेत, आणि ते उघडताना माझे हात थरथरले आहेत. एकदा सेल पेटला की तो सहज विझत नाही. ऑक्साइडवर आधारलेले संयुग तापले की स्वतःच ऑक्सिजन सोडते, त्यामुळे नुसती हवा तोडून भागत नाही. भरपूर पाणी मारून थंड करत राहावे लागते, आणि विझलेला पॅक काही तासांनी पुन्हा पेटू शकतो. तालुक्याच्या गावातल्या अग्निशमन दलाच्या जवानांना याचे प्रशिक्षण आणि धुरापासून बचावाची साधने मिळायलाच हवीत, कारण त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात.

हा धोका कराशी जोडलेला आहे, म्हणून अर्थ मंत्रालयाकडे हे पत्र पोचवण्याची विनंती मी दोन्ही मंत्रिमहोदयांना करतो. मान्यताप्राप्त बदलीच्या बॅटरीवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आणा. मान्यता नसलेल्या पॅकचा बाजार आपोआप आकसेल.

दुरुस्तीची गोष्ट थोडक्यात सांगतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यात वाहन क्षेत्रही आहे. प्रत्यक्षात बीएमएसमधली माहिती कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय वाचता येत नाही. बॅटरी किती अंश तापली, किती वेळा, किती वेळ, चार्जिंग कधी झाले, हे सगळे तिच्यात नोंदलेले असते. दावा फेटाळताना कंपनी तीच नोंद पुरावा म्हणून वापरते, पण ज्याच्या पैशाची बॅटरी आहे त्याला ती दाखवत नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या कायद्याने गाड्यांच्या बॅटऱ्यांना फेब्रुवारी २०२७ पासून डिजिटल पासपोर्ट, म्हणजे बॅटरीच्या माहितीची डिजिटल नोंद, सक्तीचा केला आहे. आम्हाला निदान दावा फेटाळला जाईल तेव्हा ती नोंद छापून, मराठीत द्या. दुसरे असे की, जिल्ह्याच्या ठिकाणी पॅक तपासण्याची सोय बऱ्याच कंपन्यांची नसते. पॅक नाशिकला किंवा पुण्याला जातो आणि रिक्षा तितके आठवडे उभी राहते. धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाचे हाल याहून जास्त. त्याला आधी सातपुडा उतरून यावे लागते.

मेलेल्या बॅटऱ्यांचे काय करायचे, हा प्रश्न माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात वाळूच्या पेटीत पडून आहे. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था करणे ही उत्पादकाची जबाबदारी आहे. विद्युत वाहनांच्या बॅटऱ्यांतून परत मिळवायच्या द्रव्यांचे प्रमाण २०२६-२७ पासून ९० टक्के ठरले आहे. देश लिथियम, निकेल, कोबाल्ट बाहेरून आणतो, म्हणून हे प्रमाण योग्यच आहे. पण त्या ९० टक्क्यांची सुरुवात कोणीतरी माझ्या दुकानात येऊन बॅटरी नेण्यापासून व्हायला हवी. कोणी येत नाही. भंगारवाला येतो, तो कुऱ्हाडीने पेटी फोडून तांबे आणि ॲल्युमिनियम काढतो. मी त्याला देत नाही, पण सगळेच दुकानदार किती दिवस थांबतील?

राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणाविषयीही बोलले पाहिजे. त्यातल्या टोलमाफीत मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग ही नावे पुढे आली. यातला एकही रस्ता जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातून जात नाही. आमच्याकडून सुरत-धुळे-जळगाव-नागपूर महामार्ग जातो, मुंबई-आग्रा जातो. मोठ्या मोटारींना मिळालेल्या सवलतीबद्दल माझी तक्रार नाही. मात्र खान्देशात विजेवर आलेला माणूस मुख्यतः रिक्षावाला आहे, स्कूटरवरून नोकरीला जाणारी शिक्षिका आहे, दूध घालणारा आहे. त्याला टोलमाफी नको, सावली हवी. नगरपालिका आणि बसस्थानकांजवळ चार्जिंगच्या जागेवर छप्पर हवे, आणि तेही नुसते पत्र्याचे नको. मे महिन्यात पत्र्याची शेड बाहेरच्याहून जास्त तापते, हे इथले लहान मूलही सांगेल. पत्र्याखाली उष्णतारोधक थर द्या, किंवा आमच्या शेतकऱ्यांसारखे तुराट्या-पऱ्हाट्यांचे आच्छादन वायरिंगपासून आणि आगीपासून सुरक्षित अंतरावर करा, किंवा मोठ्या कडुनिंबाखाली जागा निवडा. खर्च फार नाही.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. खान्देश, विदर्भ, मराठवाडा अशा उष्ण प्रदेशांत विकल्या जाणाऱ्या दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या बॅटऱ्यांची आयुष्यचाचणी २५ अंशांबरोबर ४५ अंशांतही व्हावी आणि दोन्ही आकडे बिलावर यावेत, सेलच्या रसायनासकट. पुण्याच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेने एक पूर्ण उन्हाळा जळगाव जिल्ह्यात धावणाऱ्या गाड्यांवर मोजमाप करावे. जळगावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांना त्या कामात घ्यावे. आमची मुले यासाठी बाहेरगावी जायला नकोत. जिथे गाडी विकली, तिथले नेहमीचे तापमान हे वॉरंटी नाकारण्याचे कारण असू शकणार नाही, असा नियम परिवहन विभागाने करावा. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी पॅक तपासणी केंद्र आणि जुन्या बॅटऱ्यांचे संकलन केंद्र असल्याशिवाय कंपनीला त्या जिल्ह्यात विक्रीची परवानगी देऊ नये. वापराची पुस्तिका मराठीत द्यावी आणि तिच्यात उन्हाळ्याचे वेगळे पान असावे: गाडी आल्याबरोबर चार्जरला लावू नका, पॅक निवू द्या, भरलेली गाडी उन्हात ठेवू नका. मी हे दुकानातल्या फळ्यावर लिहून ठेवले आहे, पण माझा फळा किती जण वाचणार? आणि आयटीआयच्या वायरमन व मोटार मेकॅनिकच्या मुलांना लिथियमचा पॅक सुरक्षितपणे कसा हाताळायचा हे शिकवावे. माझ्याकडे येणारी पोरे हुशार आहेत, पण हे काम बघून बघून शिकण्याचे नाही. त्यात जीव जाऊ शकतो.

ज्या रिक्षावाल्याच्या पत्रावरून हे सुरू झाले, त्याचा दावा संबंधित कंपनीने पुन्हा तपासावा. कंपनीचे नाव मी इथे मुद्दाम लिहिलेले नाही, कारण असे नकाराचे कागद एकाच कंपनीचे नाहीत. त्याने ग्राहक आयोगात जायचे ठरवले आहे आणि बॅटरीची तांत्रिक बाजू मांडायला मी त्याच्याबरोबर उभा राहणार आहे.

पुढच्या गुढीपाडव्याआधी या मागण्यांवर लेखी उत्तर मिळावे, म्हणजे येणाऱ्या उन्हाळ्यात काही तरी बदललेले असेल. मोजमापासाठी आपला अभियंता मे महिन्यात इकडे येणार असेल, तर माझे दुकान, माझे मीटर आणि इथल्या रिक्षावाल्यांच्या गाड्या त्याच्यासाठी खुल्या आहेत. त्याने दुपारी बारा ते चार या वेळात यावे.

आपला नम्र,
वाहनांच्या वायरिंगचा एक कारागीर
भुसावळ, जि. जळगाव